फीत मीच धरली होती

११ जानेवारी, रविवार

घसा बसला. आईनं मीठ-पाणी दिलं. गुळण्या करून राहिलो, पण अडकलं आहे ते घशात नाही.

आज सौंसरच्या मैदानावर ट्रॅक्टर-ट्रॉली रिव्हर्स. सीझनची शेवटची सिरीज. याआधी चिखलातली बाइक रेस लोधीखेड्याच्या बंटीनं मारली. स्लो बाइक आमच्या पांढुर्ण्याच्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी, पाय न टेकवता सगळ्यांत शेवटी पोचले म्हणून पहिले. (वर्गातही तेवढेच हळू.) ऑटो रिव्हर्स बसस्टँडवरच्या चाचानं. आज ट्रॅक्टर, आणि पहिली आली कांचन. सौंसरची, संत्र्याच्या बगीच्यावाल्यांची. नाव लिहून टाकलं. यापुढे क. लिहीन, आई वही चाळते.

चारही सिरीजचा माइक माझ्याकडे. नागपूरला होस्टेलवर फोनवर परदेशी रेसा पाहायचो, त्यात कॉमेंट्री शिकलो. लॅबमधल्या सरांशी भांडून कॉलेज सुटलं, कॉमेंट्री राहिली.

क. ट्रॉली मागं घेते जशी आई मांडीवर झोपलेलं पोर गादीवर ठेवते. खुंट्यांच्या तिन्ही जोड्यांतून आत, एकही हलली नाही. मोहगावचा गडी, दरसालचा विजेता, तिसऱ्या जोडीत खुंटी पाडून बसला होता. टाळ्या. मग तो बंटी आला, आपलं हेल्मेट तिच्या डोक्यावर घातलं, काहीतरी बोलला. दोघं हसले. माझं डोकं गेलं. माइक तोंडाशीच होता.

"बाईमाणूस म्हणून कमेटीनं खुंट्या जरा ऐसपैस सरकवल्या बरं का मंडळी! मोठं दिल हाय कमेटीचं!"

मैदान हसलं. अख्खं. मला त्या हसण्याची मजा आली. हे लिहितो म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

क. नाही हसली. हेल्मेट काढून बंटीला परत दिलं. तिच्या बाबांनी बोनेटवरचा झेंडूचा हार उतरवला आणि सीटवर ठेवला, घडी करून, कपडा ठेवावा तसा.

आणि सकाळी खुंट्या गाडताना मापाची फीत कोणी धरली होती? एका टोकाला देवरावकाका, टेंट-हाउसवाले, कमेटीचे अध्यक्ष. दुसऱ्या टोकाला मी. सात फूट. सगळ्यांसाठी सात.


१२ जानेवारी

व्हिडिओ फिरून राहिला. माझा आवाज, मग ते हसणं, मग क.चा चेहरा. कोणी पोट्ट्यानं खाली गाणं टाकलं.

मोहगाववाल्यानं तक्रार केली. "आम्ही कुठं बोललो? अनाउन्सरच बोलला नं."


१४ जानेवारी

काकांच्या गोदामात गेलो. खुर्च्या मोजून राहिले होते.

"काका, मजाक होती जी ते."

"मजाक माइकवर केली नं? मंग आता माह्या कानात काऊन सांगून राहिला?"

"तुम्हाला तर माहीत आहे, सात फूट होते."

"मले माहीत हाय. तुले माहीत हाय. मोहगाववाल्यायले काय माहीत हाय?" पुन्हा खुर्च्या. मग म्हणे, ८ फेब्रुवारीला सगळे चॅम्पियन एका मंचावर येणार, त्याच्याआधी तिनं एक वेळा ट्रॉली मागं घेऊन दाखवावं. "विषय कटते."

म्हणजे जिंकलेल्या पोरीनं पुन्हा जिंकून दाखवायचं. मी तिथं बोलायला पाहिजे होतं. चहा पिऊन आलो.

व्हिडिओ बनवायला बसलो, की मी खोटं बोललो. तीनदा पुसला. दरवेळी एकाच ठिकाणी अडकतो: लोक विचारतील काऊन बोलला. आणि ते तर...


१७ जानेवारी

सौंसर. बसस्टँडच्या चौकात फ्लेक्स लागला. सीझनचे चॅम्पियन. बंटी, मास्तर, चाचा. चौथ्या गोलावर पांढरा कागद चिकटवला आहे. उन्हात कागदाखालून क.चं कपाळ दिसते.

खाली कोपऱ्यात मी. हातात माइक, गॉगल. 'सीझनचा आवाज'. मला नाही झाकलं.


२० जानेवारी

लोधीखेड्याला स्पीकर पोचवायला गेलो. चहाच्या टपरीवर बंटी भेटला. मी सरळ त्याची कॉलर धरली. का धरली? माझी चूक कोणाच्या तरी अंगावर टाकायची होती, दुसरं काय. त्याचा चहा सांडला, माझ्याच शर्टावर.

त्यानं मारलं नाही. त्याचा हात माझ्या दुप्पट आहे.

"कॉलर सोड बे भोंग्या. हाय काय तुले?"

"त्या दिवशी काय बोलून राहिला होता तिच्याशी?"

"तेच विचारून राहिली होती, हा भोंगा एवढं चांगलं बोलते, तं कॉलेज काऊन सोडलं यानं. म्या म्हटलं, तिथं याच्यापेक्षा मोठा भोंगा भेटला असन कोणी. त्याच्यावर हसलो." कॉलर नीट केली. "आता कोणावर हसावं सांग."

टपरीवाल्यानं दुसरा चहा दिला. बंटीनं तो माझ्यापुढं सरकवला. पिता आला नाही.


२५ जानेवारी

बाबा नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह खोलतात. इतके दिवस काही बोलले नव्हते. आज जेवताना म्हणे, "व्हिडिओ पाह्यला म्या."

मी थाळीत पाहत राहिलो.

"तुह्या आज्याले पहिल्यांदा माइक भेटला तेव्हा डोक्याचे केस पिकले होते त्याचे. चौदा एप्रिलले, जयंतीच्या मंचावर. दोनच वाक्यं बोलला. मोहल्ल्यातले बुढे अजून सांगतात ते दोन वाक्यं." भाकर मोडली. "तुले तं आयताच भेटला."

पाणी प्यायले आणि ड्यूटीवर गेले. ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. ते येते मला.

आईनं माझ्या थाळीत वाढलेली भाजी मी तशीच ठेवली. तिनं झाकून ठेवली.


१ फेब्रुवारी, रविवार

क. बोलली. माझ्याशी.

सौंसरला डिझेल पंपावर. ती ट्रॅक्टरवर, मागं ट्रॉलीत संत्र्याचे क्रेट. मी रस्त्याच्या पलीकडून चाललो होतो, मान खाली घालून.

"ओ भोंगा!"

गेलो. म्हटलं, "कांचन, त्या दिवशी मी..."

"आता मले एकटीले नको सांगू. तेव्हा एकटीले सांगतलं होतं का?"

पंपावरला पोट्टा कान देऊन राहिला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं तर तो मीटर पाहू लागला.

"घरी काय चाललं माहीत हाय का तुले? बाबा म्हणतात, ट्रॅक्टर आता गडी चालवन. जिंकली तरी लोक असे बोलतात, तं कायले पाह्यजे. म्या चौदाव्या वर्षापासून चालवून राहिली."

मी ट्रॉलीतले क्रेट मोजून राहिलो.

"आठ तारखेले माइक तूच धरजो. बिमार पडला म्हणून घरी बसशीन तं पाहजो."

"काऊन?"

"ज्या तोंडातून गेलं त्याच तोंडातून वापस ऐकाचं हाय मले."

गिअर टाकून गेली. तिच्या वेणीत संत्र्याचं पान अडकलं होतं.

तर गोष्ट अशी आहे. माझ्या एका वाक्यानं तिच्या हातचं स्टिअरिंग जाऊन राहिलं. आणि पांढुर्ण्यापर्यंत बसमध्ये खिडकीला डोकं टेकवून मी हसत आलो, कारण ती माझ्याशी इतकं बोलली. असा मी.


५ फेब्रुवारी

आरशापुढं वाक्य पाठ करून राहिलो. 'मंडळी, मी खोटं बोललो होतो.' मंडळी शब्दापर्यंत जमते.


८ फेब्रुवारी, रविवार

लिहू की नको.

मैदान गच्च. चॅम्पियन मंचासमोर पलीकडच्या कडेला, फेटे बांधून. मोहगाववाले पुढच्या रांगेत. क. ट्रॅक्टर घेऊन आली, बोनेटवर हार नाही. ट्रॉलीची पाठ खुंट्यांकडे केली, मागं पाहिलं, आणि थांबली. इंजिन बंद.

लोक हू करायला लागले. ती उतरली, पहिल्या जोडीपाशी गेली, चपलेनं जमीन उकरून दाखवली. कोणाला? मलाच. मग दिसलं. खुंट्यांच्या बाहेरच्या अंगाला चार बोटांवर जुने खड्डे, तसेच उघडे. आजच्या खुंट्या त्यांच्या आत गाडलेल्या. काकांकडे पाहिलं तर हळूच म्हणे, "तक्रार हाय नं. साडेसहावर घेतल्या. थोड्या टाइट." आज फीत धरायला मला बोलावलं नव्हतं.

आणि हेही तेव्हाच कळलं. त्या दिवशी तिच्यासाठी सरकवल्या असत्या तर जुने खड्डे दोन-दोन असते. एकेकच आहेत. महिनाभर मैदानात पडलेला पुरावा. मी किती वेळा त्यावरून चाललो.

क.नं परत जाऊन ट्रॅक्टरची किल्ली काढली, ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. माझ्याकडे पाहिलं.

बोललो. "मंडळी, त्या दिवशी खुंट्या सात फुटांवर होत्या. सगळ्यांसाठी. फीत मी धरली होती. मी खोटं बोललो."

मग मागून कोणीतरी, "काऊन बोलला बे खोटं?"

माइक चालू. चारी कोपऱ्यांच्या भोंग्यांतून माझा श्वास ऐकू येऊन राहिला होता.

"आशिक हाय बे तो!"

मैदान हसलं. तेच हसणं. शिट्ट्या. कोणीतरी "भाभी" म्हणून ओरडलं. मोहगाववाला उठून म्हणे, "घ्या! आता तं समजलं, कोणासाठी बोलून राहिला!"

म्हणजे खोटं होतं तेव्हा पटलं, आणि आज खरं बोललो तर तिच्या नावाला माझं नाव चिकटवून बसलो. तिच्या बाबांनी तिच्या खांद्याला हात लावला, चल म्हणाले. ती गेली. किल्ली तिच्यासोबत.

ट्रॅक्टर मैदानाच्या मधोमध. तिन्ही चॅम्पियनांना त्याला वळसा घालून ट्रॉफी घ्यायला मंचावर यावं लागलं. मास्तरांनी ट्रॉफी घेतली आणि माइक माझ्याकडून मागितला. वाटलं काही बोलतील. बंद केला फक्त.


९ फेब्रुवारी, सोमवार

स्पीकर आणायचे होते म्हणून पहिल्या बसनं सौंसर. स्पीकर नसते तरी गेलो असतो.

ट्रॅक्टर तिथंच. चाकांवर दव. तिचे बाबा ट्रॉलीच्या काठावर बसून तंबाखू मळून राहिले होते. माझ्याकडे पाहिलं नाही. क. खड्ड्यांपाशी उकिडवी बसली होती, त्यात साचलेला पाला हातानं काढून राहिली होती. कमेटीच्या खुंट्या उपटून बाजूला टाकलेल्या.

तिच्या हातात फीत. काकांचीच, टेंटची, पिवळी. कशी आणली, विचारलं नाही.

"धर," ती म्हणे.

धरली. एक टोक माझ्या खड्ड्यात, एक तिच्या. रस्त्यानं जाणारे दूधवाले थांबले, मग हॉटेलातले दोन-चार बाकावरून उठून आले. कालचेच चेहरे. काकांची स्कूटर मैदानाच्या काठाला येऊन उभी राहिली, बंद नाही केली.

"वाच."

"सात."

"मले ऐकू नाही आलं."

सवयीनं मूठ तोंडाशी गेली. हातात काही नव्हतं. "सात फूट!"

दुसरी जोडी. "सात फूट!" घसा फाटला. हॉटेलच्या बाजूनं शिट्टी आली, मग "आशिक!" तिचे बाबा उठून उभे राहिले. क.नं मान वळवली नाही. तिसऱ्या जोडीकडे चालत गेली, फीत ताणली गेली, तिच्यामागं मी ओढला गेलो.

वाकून टोक खड्ड्याच्या काठाला लावलं.

"सात फूट!"

"अजून जोरानं," ती म्हणे.