पहाटेच्या बसला विचारलं का?

३ फेब्रुवारी

चि. बारकीस,
ताईचे अ. आ. फोनवर मी आवाज चढवते आणि तू मध्येच ठेवून देतेस, म्हणून लिहायला बसले. अक्षराला हसू नकोस, चार इयत्तांत एवढंच आलं.

इस्पितळाच्या धुलाईखान्यात काल आमच्या मुकादमानं पेपर वाचून दाखवला. पहाटेच्या बसची गरज नाही असं दहातल्या आठ लोकांचं मत आहे म्हणे, म्हणून पुढच्या महिन्यापासून ती बंद करणार. आणि ही मतं गोळा केली कुणी? माझ्या सख्ख्या बहिणीच्या कचेरीनं! अगं, दहातले आठ लोक त्या वेळी घोरत असतात. त्यांना कशाला हवी बस? आम्हाला उजाडायच्या आत चादरी भट्टीत टाकाव्या लागतात. मुकादमानं सांगून टाकलं, उशिरा येणारीच्या जागी दुसरी घेईन. या वयात मला कोण दारात उभं करणार? आणि चालत यायचं तर अंधारात तो लांबलचक पूल.

मला कुणी विचारलं नाही. इस्त्रीवालीला नाही, फरशी पुसणाऱ्या दोघींना नाही. मग तुम्ही विचारलं तरी कुणाला? दाताचं काय केलंस? काढून टाक म्हटलं की ऐकत नाहीस.

लगेच उत्तर दे. माया आहे, पण ती गृहीत धरू नकोस.
तुझी ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र वाचताना तुझा आवाज इतका ऐकू येत होता की शेजारच्या टेबलावरची बाई कशी दचकली नाही याचंच नवल. दात काढला. गाल अजून सुजलेला आहे.

ताई, अख्ख्या शहराला विचारणं होत नाही. आम्ही दर पाचवं दार वाजवतो. कुणी उघडलं नाही तर शेजारचं. तू नाही का एका चादरीला हात लावून गठ्ठा वाळला की नाही ते सांगत? तसंच हे. यात लबाडी नाही. मुद्दाम कागद काढून पाहिले. आमच्या माणसानं तुझं दार वाजवलं होतं, दुपारी. कुणी उघडलं नाही, म्हणून त्यानं शेजारच्या रिटायर कारकुनांना विचारलं.

आता तुझं मत मी इथे बसल्या बसल्या घुसडू शकत नाही. तेवढं मागू नकोस. तुझ्या नोकरीचा विचार मनातून जात नाही, जेवण गोड लागत नाही.

राग ओसरला की लिही, नाही ओसरला तरी लिही.
तुझी बारकी


११ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ. दुपारी! अगं, दुपारी आम्ही मेल्यासारख्या झोपतो. बेलची तार मीच काढून ठेवली आहे. आमच्या मजल्यावर पहाटेच्या पाळीची जेवढी माणसं आहेत, सगळ्यांनी काढल्यात. आणि तुमचा माणूस गेला कुणाकडे, तर ज्या म्हाताऱ्याला बोलायला भिंतीशिवाय कुणी नाही त्याच्याकडे. मलाच कौतुकानं सांगत होता, एक भला माणूस येऊन बसला, पाणी प्याला, सगळं ऐकून घेतलं. पेन्शन लागल्यापासून त्यानं बसचं तोंड पाहिलेलं नाही.

चादरीचं म्हणशील तर वरची नेहमीच वाळलेली असते गं. आतली ओली असते. हात आत घालावा लागतो.

मत घुसडायला मी सांगितलं नव्हतं, तोंड सांभाळ. पहाटे त्या बसमध्ये येऊन विचार, एवढंच म्हणते. मुकादम हल्ली आधी घड्याळाकडे बघतो, मग माझ्याकडे. आता तार काढूनही झोप लागत नाही.

गालाला शेक दे. लोभ कमी करू नकोस, मी बोलते तशी नाही.
तुझी ताई


१८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. साहेबांना बेलच्या तारांचं सांगितलं. आधी हसले, मग कागद पुन्हा चाळले आणि बसमध्ये विचारायची परवानगी दिली. म्हणून काल मी आले होते.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. कालची सगळी उत्तरं मी फाडून टाकली. मी ज्याला विचारत होते त्याच्याकडे तू दांडा धरून डोळे वटारून बघत होतीस. फरशी पुसणारीनं माझा प्रश्न संपायच्या आत हवी, हवी म्हणून टाकलं. खिडकीला डोकं लावून झोपलेल्या पहारेकऱ्याला तू कोपरानं ढोसून उठवलंस आणि काय बोलायचं तेही पढवलंस. ही त्यांची मतं नाहीत ताई. तुझंच मत आहे, सगळ्यांच्या तोंडून आलेलं.

शुक्रवारी पुन्हा येते. त्या दिवशी तू बसमध्ये असू नकोस. चालावं लागेल, तो पूल लागेल, हे मला कळतं. आणि तुझं मत मला घेता येणार नाही, बहीण आहेस म्हणून. टॉर्च विसरू नकोस.

शिव्या दे, पण अबोला धरू नकोस.
तुझी बारकी


२४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अ. आ. सगळ्यांना विचारणार आणि मलाच नाही. बरं.

शुक्रवारी निघाले. पुलाच्या मध्यावर असताना बस मागून आली. आत दिवे लागलेले, तू पाठमोरी, कुणासमोर तरी वाकलेली. इतक्या वर्षांत ती बस मी बाहेरून कधी पाहिली नव्हती. बारके, ती इतकी रिकामी असते? आतून तर भरलेली वाटते गं. तिथेच कठड्याला धरून उभी राहिले.

पोचायला उशीर झाला. मुकादमानं नुसतं घड्याळ पाहिलं. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

इस्त्रीवाली तिनं काय सांगितलं ते सांगायला आली, मी नको म्हटलं. पण आज ड्रायव्हरनं आपणहून सांगितलं. बस बंद झाली तर सुटलो, असं तो तुला म्हणाला म्हणे. जग झोपलेलं असतं तेव्हा तो उठतो, बायकोचं तोंड सुट्टीलाच दिसतं. रोज त्याच्या मागे उभी राहते मी, कधी विचारलं नव्हतं. तोंडाशी आलेलं गिळलं. त्याचं लिहून घेतलं आहेस ना? राहू दे तसंच.

बेलची तार परत जोडली. काल वाजली तशी धावत गेले. शेजारचा म्हातारा होता, चालते का ते बघायला आला होता. बसवून घेतलं, काय करते.

निकाल पेपरातून नको, तुझ्याकडून कळू दे. काहीही असो, फोन कर. मी ओरडणार नाही.
तुझी ताई