गाडी उजवीकडं ओढती

१० जानेवारी, शुक्रवार

घेतली! कारभारीभाऊजींची दूध टाकायची मोटरसायकल आजपासून माझी. अकरा वर्षांची हाय, टाकीवर दोन पोचे, आरसा एकच. स्कुटी घे म्हणत होते सगळे. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत स्कुटीचं चाक रुतलं की रुतलं. गटप्रवर्तकाची ऑर्डर हातात हाय — एक फेब्रुवारीपासून एकोणीस गावच्या आशांकडं फिरायचं, अन् एसटी जाती तीनच गावांला. बारा वर्षं आशाचं काम पायी केलं. हे पायी व्हायचं न्हाई.

अंकुशनगरहून ह्यांचा फोन. कारखान्याचा सीझन जोरात, मागं सगळा घरघराट. "बघ बरं का दैवशाला, सव्वीसला येतो मी. तवर तुला एकटीला हायवेच्या फाट्यापर्यंत जाऊन यायला जमलं तर ठीक. न्हाई तर गाडी मी घेऊन जातो, मला ड्युटीला जायला होईल."

गाडी माझ्या पैशाची. तरी "बरं" म्हणले. का म्हणले बरं? दिवसभर स्वतःचाच राग येऊन राह्यला.

११ जानेवारी

क्लच म्हंजे काय, हे कुणी नीट सांगंना. "दाबायचा अन् हळू सोडायचा." ते कळलं, पण दाबल्यावर आत काय सुटतं? कारभारीभाऊजींना विचारलं. "वहिनी, पंचवीस वर्षं गाडी चालवतो, कधी इचारलं न्हाई तिला."

शेवटी मोबाईलवर बघितलं. आत चकत्या असत्यात — जात्याच्या दगडांवानी एकीवर एक. दाबलं की सुटत्यात, सोडलं की धरत्यात. हे डोळ्यांनी बघितल्यावर हाताला बराबर कळलं. सकाळी वीस वेळा बंद पडल्ती, संध्याकाळी आठच वेळा.

१३ जानेवारी

आत्याबाईंनी हुकूम काढला — "एकटी जायचं न्हाई. मी बसते मागं." अडुसष्ट वर्षांची सासू मागं अन् शिकाऊ सून पुढं! दोन्ही पाय डाव्या अंगाला, डोक्यावर पदर, एक हात माझ्या खांद्यावर. "गिरिजाबाई, कुठं?" पारावरून कुणीतरी विचारलं. "रानात," म्हणल्या. आमचं रान दुसऱ्या बाजूला हाय.

१४ जानेवारी

संक्रांत. वाणाला आलेल्या बायका गाडीला पण हळदकुंकू लावून गेल्या.

१७ जानेवारी

रोज गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत जाऊन राह्यलो. आज तिसरा गिअर. गाडी मस्त चालती. आत्याबाईंचं तोंड पण चालतं — ही मका कुणाची, हे शेततळं कधी झालं, इकडं एवढी घरं कवा बांधली? पन्नास वर्षं झाली त्यांना ह्या गावात येऊन, अन् तळ्याच्या पुढं कधी गेल्याच न्हाईत. नेलंच न्हाई कुणी. उद्या अजून पुढं नेईन.

१८ जानेवारी

आत्याबाईंचे गुडघे दुखत होते म्हणून एकटी गेले. गाडी उजवीकडं ओढती. सरळ धरली तरी आपली हळूहळू उजवीकडं. समोरून कापसाचा पिकअप आल्ता, अन् मी त्याच्या अंगावर. कसं सावरलं, मला ठाव न्हाई. अक्षर बघ कसं आलंय.

१९ जानेवारी

परत एकटी, परत उजवीकडं. आत्याबाईंना मागं घेतलं की बिलकुल सरळ. हे काय गौडबंगाल हाय?

मंग डोक्यात आलं — दुधाच्या किटल्या! एका बाजूला जड, एका बाजूला हलक्या टांगून भाऊजींनी चेसीच वाकवली असणार, अन् वाकडी गाडी मला दिली. त्यांच्या दारात गेले अन् बोलले. नको तेवढं बोलले. त्यांच्या बायकोनं चहा टाकल्ता, तो पण घेतला न्हाई.

२१ जानेवारी

सकाळी भाऊजीच दारात. "चला वहिनी, हसनाबादला मिस्त्रीला दाखवू." ते चालवायला, मी मागं.

शिवाजी मिस्त्रीनं दोन्ही चाकांना लांब सुतळी लावून बघितली. हवा बघितली, हँडल बघितलं, मंग स्वतः चक्कर मारून आला. "गाडी सरळ हाय ताई. ओढत असाल तर तुम्ही ओढता."

भाऊजी हसले असते तर बरं झालं असतं. मिस्त्रीसमोरच माफी मागितली. "राहू द्या," म्हणले. लई शरम वाटली.

पण मी ओढते म्हंजे कशी? मला तर मी सरळच वाटते.

२२ जानेवारी

सापडलं! सकाळी एकटी निघाले, सूर्य पाठीशी होता. माझी सावली रस्त्यावर पुढं पुढं. बघते तर ही बाई उजवीकडं कलंडलेली, एक खांदा वर, एक खाली.

आत्याबाई दोन्ही पाय डावीकडं टाकून बसत्यात. सगळा भार डावीकडं. गाडी कलू नये म्हणून मी रोज उजवीकडं रेटत गेले, अन् तेच अंगात बसलं. त्या मागं नसल्या तरी मी त्यांना सावरून राह्यले. अन् बोलणी खाल्ली कारभारीभाऊजींनी.

सव्वीसला चार दिवस राह्यले.

२३ जानेवारी

आत्याबाईंना सांगितलं, रविवारपर्यंत मागं बसू नका. का ते पण सांगितलं. दुपारी त्यांनी अर्धीच भाकर खाल्ली. मला वाईट वाटलं अन् राग पण आला. गाडी अंकुशनगरला गेली तर दोघींची जाईल, हे त्यांना कळू नये?

संध्याकाळी निघाले तर ओट्यावरून म्हणल्या, "तळ्यात पाणी किती राह्यलं, तेवढं बघून ये." बघून आले. अर्ध्याच्या खाली हाय. सांगितलं त्यांना.

२४ जानेवारी

सावली बघत बघत दहा चकरा. सात सरळ, तीन वाकड्या.

२५ जानेवारी

गाडी काढली तर आत्याबाई अंगणात तयार. मी तोंड उघडायच्या आधी काष्टा आवळला, अन् दोन्हीकडं पाय टाकून बसल्या, गड्यावानी! "माझ्या लुगड्याला काय धाड भरली? सहावारी नेसले का मी?" पारावर आज कुणी काही विचारलं न्हाई, नुसते बघत राह्यले. आम्ही तळ्याच्या पुढं चार गावं जाऊन आलो. नंतर एकटी फाट्याच्या अर्ध्या वाटंपर्यंत गेले, तेव्हा पण सरळ. पण समोर ट्रक आला की अजून गाडी कडंला घेऊन थांबते.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून आले तर ह्यांचा फोन. "फाट्यावर उतरलोय. कारभारीला पाठव गाडी घेऊन."

कुणाला पाठवलं न्हाई. एकटी गेले. दोन ट्रक, एक एसटी, सगळे माझ्या उजव्या बाजूनं निघून गेले.

ह्यांनी आधी माझ्या मागं बघितलं, कुणी हाय का. मंग हँडलला हात लावला. "सरक मागं."

मी सरकले न्हाई. गाडी चालूच ठेवली. ह्यांनी बॅग खांद्याला अडकवली. मंग हे मागं बसले.