सव्वासातचं ऊन

प्रिय दादा,

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू “हं, बोल गं” म्हणालास की माझ्या तोंडून खोटंच निघतं. गेले तीन महिने तेच चाललंय.

माझं काम तुला ठाऊक आहे. रोज सकाळी परदेशी पाहुण्यांना हनोईच्या जुन्या गल्ल्यांतून हिंडवायचं, कुठे उभं राहिलं की फोटो छान येतो ते दाखवायचं. पण शेवटचा थांबा आपलंच दार असायचं, हे कधी सांगितलं नाही. दारात आई बसायची. मीच बसवायचे. डोक्यावर शेतकरणीची ताडपानांची टोपी, पुढ्यात पालेभाजीची टोपली. बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई! पहिल्या दिवशी म्हणाली, “दिएप, अगं, मला भाजी निवडता येत नाही. कुणी भाव विचारला तर काय त्रिकोणाचं क्षेत्रफळ सांगू?” आणि खळखळून हसली. मी म्हटलं, “हसू नकोस, आई. त्यांना कष्टी म्हातारी हवी असते.” दोन वर्षं ती माझ्यासाठी कष्टी होऊन बसली.

त्या मंगळवारी उठल्या उठल्या म्हणाली, “डावा हात जड झालाय गं. आज राहू दे.” सात पाहुणे कोपऱ्यावर येऊन थांबले होते. मी म्हटलं, “पाचच मिनिटं. सव्वासातचं ऊन गेलं की गेलं.” बसली बिचारी. ऊन गालावर आलं, पाहुणे गुडघे टेकून फोटो घेऊ लागले. आईचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं. काहीतरी बोलली, शब्द लागले नाहीत. एका वयस्क पाहुणीने कॅमेरा खाली घेतला, “यांना बरं नाहीये का?” मी हसून म्हणाले, “वय झालंय हो. घ्या तुम्ही.” दादा, घ्या तुम्ही, असं म्हणाले मी. आई खुर्चीवरून घसरली तेव्हा कुठे धावले. पुढे पाहुण्यांनी फोटो पाठवले, त्यांवरच्या वेळा मी जुळवून पाहिल्या. तोंड वाकडं झाल्यापासून पडेपर्यंत अकरा मिनिटं. न्हाणीत पाय घसरून गेली, असं मी तुला सांगितलं. तू तेच साऱ्या नातेवाइकांना सांगितलंस आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवत राहिलास.

काम सोडलंय. दार लावून घेते. तरी कुणीतरी पत्ता शोधत येतं, कडी वाजवतं, इथली म्हातारी कुठेय म्हणून विचारतं.

परवा तू म्हणालास, आई गेल्याच्या शंभराव्या दिवसाच्या पूजेला तिचा चांगला फोटो पाठव, ओळखपत्रावरून मोठा केलेला आपल्या आईसारखा वाटत नाही. पाहुण्यांनी पाठवलेले शेकडो फोटो चाळले, सगळ्यांत टोपीची सावली डोळ्यांवर. डोळे स्पष्ट दिसतील असा एकच निघाला, त्याच सकाळचा. ती कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, त्याच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघतेय. मला हाक मारतेय, हे आता तिच्या ओठांवरून कळतं. तोच सोबत ठेवलाय. दुसरा माझ्याकडे नाही. तो नीट बघ, आणि पूजेला मी यावं की नाही ते ठरव. नको म्हणालास, तर का म्हणून विचारणार नाही.

अजून तुझीच म्हणवून घेणारी,
दिएप