लघुग्रहासाठी वाजवलेला भोंगा

रावेत, गुरुवार

ती. चारुआत्यास,

ज्ञानेशचा साष्टांग नमस्कार. तुझ्या गुडघ्यांचे काय म्हणणे आहे? इकडे सगळे ठणठणीत, फक्त माझी नोकरी जरा आजारी आहे.

झाले असे, की मंगळवारी सकाळी मोबाईलवर बातमी वाचली. पहाटे कुठल्याशा दुर्बिणीला मीटरभराचा एक लघुग्रह दिसला, आणि तो संध्याकाळी सात वाजून चार मिनिटांनी आपल्या पश्चिमेला, हवेतच जळून जाणार! आत्या, लाखो किलोमीटरवरच्या दगडाची वेळ लोक मिनिटासकट सांगतात, आणि आमच्या कंपनीची बस मोशीला कधी येणार हे तिच्या ड्रायव्हरलाही सांगता येत नाही. सहावीत तू मला तारे ओळखायला शिकवलेस, तेव्हापासून पंचवीस वर्षे असा एक तरी दगड पडताना बघायला मी तडफडतोय. आणि नेमकी माझी सेकंड शिफ्ट!

आता आमच्या चाकणच्या कारखान्यात चालू लाइन दोनच कारणांनी थांबते: आग किंवा मॉक ड्रिल. आग लावणे मला शोभले नसते (मी सेफ्टी ऑफिसर आहे). म्हणून रीतसर फॉर्म भरला. धोक्याचे स्वरूप: वरून पडणारी वस्तू. उंची: अंदाजे तीस किलोमीटर. उपाय: हेल्मेट. प्लांट हेड जयदीप सरांनी न वाचता सही केली (ते वाचत नाहीत म्हणूनच आमचे इतकी वर्षे छान जमले).

सातला पाच मिनिटे असताना भोंगा वाजवला. चारशे बारा माणसे हेल्मेट घालून गेटपाशी, पश्चिमेकडे तोंड करून उभी! एवढी शिस्त खऱ्या आगीलाही नव्हती. फोर्कलिफ्टवाले वजीरभाई जवळ येऊन म्हणाले, "साहेब, आग कुठंय राव?" मी म्हटले, "येतेय. चार मिनिटं थांबा."

आणि आला की गं! त्याच्या उजेडाने सगळी हेल्मेटे हिरवी झाली, वजीरभाई "या अल्लाह" म्हणून मटकन खाली बसले, प्रेसवरचा गणराज उड्या मारायला लागला, कँटीनच्या बायकांनी हात जोडले आणि युनियनच्या निवडणुकीपासून अबोला धरलेल्या दोघांनी एकमेकांना मिठी मारली. खुद्द जयदीप सर "वन्स मोअर!" म्हणून ओरडले. मग भानावर येऊन त्यांनी फॉर्म वाचला.

काल नोटीस मिळाली. सतरा मिनिटे उत्पादन बंद का ठेवले, याचा लेखी खुलासा हवा आहे. तू तीस वर्षे मुख्याध्यापिका होतीस, असले खुलासे तू ढिगाने वाचले असशील. तेव्हा एक झकास मसुदा लिहून पाठव.

तुझा,
ज्ञानेश

ता. क. नोटिशीचे आईला सांगू नकोस.

ता. क. २. मसुद्याची खरे तर घाई नाही. जयदीप सर आज हळूच विचारून गेले, पुढचा कधी आहे म्हणून.

ता. क. ३. हे मात्र कुणालाच सांगू नकोस. ड्रिलमध्ये सेफ्टी ऑफिसरने डोकी मोजायची असतात, म्हणजे लोकांकडे तोंड आणि पश्चिमेकडे पाठ. मी तीनशे सत्त्याऐंशीवर होतो तेव्हा समोरचे सगळे चेहरे उजळले. मोजणी अर्धवट सोडवेना गं, माणसे माझ्या जबाबदारीवर बाहेर आणलेली. चारशे बारा भरले, वळलो, तर आकाशात नुसती धुराची रेघ. दोन दिवस कँटीनमध्ये मी सगळ्यांना रंगवून वर्णन सांगतोय. राजगुरुनगरहून तुला दिसला असेल ना? कसा होता, ते तेवढे सविस्तर लिही.