नळावरची चिठ्ठी

मंगळवार, १८ मार्च

एक चिठ्ठी वाचून दाखवायला काय जीभ झिजली असती ह्यांची! थंडीनंतर आज केलरमध्ये, म्हणजे तळघरात जाऊन बागेच्या नळाचं पाणी सोडलं, तर भिंतीतूनच धो धो! धावत परत जाऊन पाणी बंद केलं. प्लंबर म्हणाला, "आत पाणी गोठून पाइप फुटलाय. थंडीत आतून पाणी बंद करून बाहेरचा नळ उघडा ठेवायचा असतो, म्हणजे पाइपातलं उरलेलं पाणी निघून जातं. बंद कोणी केला?"

मीच केला. थेंब थेंब गळत होता. गळत्या नळातून लक्ष्मी जाते, म्हणून घट्ट आवळला. घरमालकिणीनं त्यावर जर्मनमध्ये चिठ्ठी बांधली होती. मी तेव्हाच विचारलं, "अहो, काय लिहिलंय?" मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले, "काही नाही गं."

काही नाही? 'थंडीत नळ बंद करू नका' हेच लिहिलं होतं!

शनिवारी घरमालकीण येतेय. माझी चूक मी सांगेन. चिठ्ठीचं कोण सांगणार? शुक्रवारच्या आत मला ह्यांच्याकडून उत्तर पाहिजे.