सर्व्हर रूमचा गॅस

मंगळवार, संध्याकाळ. वर्तकनगर.

ऑर्डरवर सही करून आले, तरी चैन नाही. शीळफाट्याच्या आमच्या ऑफिसात सर्व्हर रूमला आग लागली तर विझवायला कुठला गॅस, ते मला ठरवायचं होतं. पर्याय दोन. एका गॅसचे सिलिंडर दोनच, पण तो वर्षानुवर्षं हवेत राहून पृथ्वीची उष्णता वाढवतो. दुसरा नायट्रोजन; त्याने हवेचं काही बिघडत नाही, पण सिलिंडर ढीगभर. ते ठेवायला एकच खोली, सफाईवाल्या बायका डबा खातात ती.

मी नायट्रोजन निवडला. बरोबरच ना? पण खोली गेली ती त्यांची.

त्या बायकांतल्या सुनंदाताईंना स्वतः जाऊन सांगितलं, "उद्यापासून माझ्या केबिनमध्ये जेवा."

त्या म्हणाल्या, "मॅडम, सुकटीचा वास एसीत राहतो. दोन दिवसांत तुम्हीच बाहेर काढाल."

"नाही काढणार," म्हणाले मी. पण जरा थांबून.