बाण आपोआप फिरायचा

२ फेब्रुवारी, रविवार
पोरगी दोन दिवस राहून गेली. जाताना शिलाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरचं विंडोज पुसून लिनक्स टाकून गेली. म्हणाली, आई, आता व्हायरस नाही, अडकणं नाही, दर रविवारी मला फोन करायला नको. बरंच झालं. मला कुठे हौस होती? शाळा सातवीपर्यंत, पण बारा वर्षं विंडोजवर गिऱ्हाइकांची मापं लिहिलीत. हे आठ दिवसांत शिकते.

४ फेब्रुवारी
स्टार्टचं बटण नाही. सी ड्राइव्ह नाही. आपल्याच घरात कुणी परक्याने आवराआवर केल्यासारखं झालंय. पोरीला फोन केला, फक्त सी ड्राइव्हसाठी. उचलला नाही. मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे, होम नावाचं फोल्डर उघड, त्यात सगळं आहे. उघडलं. होतं सगळं. डोकंच फिरलं.

९ फेब्रुवारी, रविवार
काही बिघडलं नाही. विंडोज रविवारी हटकून बिघडायचं. मग पोरगी तिच्या घरून माझ्या स्क्रीनमध्ये शिरायची. माझे हात मांडीवर आणि बाण आपोआप फिरायचा. तास तासभर. मध्येच विचारायची, जेवलीस का, गुडघा काय म्हणतो. कामाचा नुसता खोळंबा. सुटले.

१५ फेब्रुवारी
समोरचा झेरॉक्सवाला छातीठोक सांगून गेला, लिनक्सवर तुमचा प्रिंटर चालायचाच नाही. पोरीला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून काढले, चांगले सात. मग वायर लावली. मेल्याने पहिल्या फटक्यात छापलं. जाऊन झेरॉक्सवाल्याला झापलं. तो म्हणाला, चाललं ना, मग चिडता कशाला?

२३ फेब्रुवारी, रविवार
मोडल्याशिवाय शिकता येत नाही. म्हणून, शिकण्यासाठीच, एक प्रोग्रॅम उडवायला घेतला. पासवर्ड मागितला. पोरीला फोन. ती म्हणाली, तो माझ्याकडेच राहू दे, तुझ्या हातून काही बिघडायला नको. मी म्हटलं, माझ्या हातून काय बिघडलंय आजवर? ती म्हणाली, आई, मापांची फाइल दर रविवारी कचऱ्यात कोण टाकायचं, मला कळत नव्हतं का गं?
चुकून हात लागत असेल.
म्हणाली, नुसता फोन करत जा की. नुसता? नुसता फोन करून बोलायचं काय?

२ मार्च, रविवार
केला नुसता फोन. ती म्हणाली, काय बिघडलं? काही नाही म्हटलं. कशी आहेस? बरी. तू? बरी. मागे कुणीतरी तिला हाक मारत होतं. ठेवते म्हटलं. मीच आधी ठेवला, तिने नाही.

९ मार्च, रविवार
लिनक्स आलं मला. सगळी मापं चढवून झाली. दुकान बंद, पण कॉम्प्युटरपाशी बसले होते, असंच. दुपारी बाण हलला. आपोआप. मी झटकन हात मांडीवर घेतले. मोठ्याने म्हटलं, जेवले गं, गुडघा बरा आहे.
बाण पुढे गेला नाही.
माउसच्या वायरवर मोठी कात्री ठेवली होती. ती घसरून वायर ओढली गेली होती.
परत वायरवरच ठेवली आहे.